पणजोबांच्या पलीकडे: कागदांत हरवलेला पूर्वज कसा शोधायचा

श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात: वडील, आजोबा, पणजोबा. बहुतेक मराठी घरांतली आठवणही तिथवरच पोचते. पणजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं की घरातलं सगळ्यात जुनं माणूससुद्धा आढ्याकडे बघायला लागतं. 'कोकणातून वर आले म्हणे', 'भाऊबंदकीत गाव सोडलं म्हणे' अशा दोनचार 'म्हणे'वर गोष्ट संपते.

२०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगावच्या दप्तरांवरची धूळ उडाली. आरक्षणाचं जे व्हायचं ते होवो, पण त्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदींच्या प्रती चढल्या. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना आयतीच सोय झाली.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हरवलेला पूर्वज स्वतःच्या नावाने क्वचितच सापडतो. तो सापडतो जमिनीच्या सर्व्हे नंबरला चिकटलेला, भावाच्या वारसनोंदीत, नाहीतर शेजाऱ्याच्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून. एकट्या माणसाच्या मागे लागू नका, त्याच्या भावकीच्या मागे लागा.

घरातून सुरुवात

म्हाताऱ्या माणसांना 'आपले पूर्वज कोण?' असं विचारलं तर उत्तरात शिवकाल येतो आणि कामाचं काही हाती लागत नाही. नेमकं विचारावं. सुतक कुणाकुणाचं धरायचो? ज्या घराचं दहा दिवस सुतक धरता, ते घर पुरुषवंशाने तुमचं आहे, मग नातं कसं लागतं ते कुणाला आठवत नसलं तरी चालेल. मला या एका प्रश्नाने जेवढं दिलं तेवढं कुठल्या कचेरीने दिलं नाही. दुसरा प्रश्न कुलदैवताचा. नवस फेडायला, जागरण-गोंधळाला कुठे जायचे? नेहमीच्या मोठ्या देवस्थानाखेरीज एखाद्या आडगावच्या देवीला जायची रीत असेल, तर मूळ गाव बहुधा त्याच पंचक्रोशीत निघतं.

वर्षं विचारू नका, प्रसंग विचारा. 'पानशेत फुटलं तेव्हा आजोबा होते का?' (१२ जुलै १९६१). 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात?' (११ डिसेंबर १९६७). बहात्तरचा दुष्काळ, गांधीहत्येनंतरची जाळपोळ, त्याही आधीची १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आणि १८९६–९७चा प्लेग, ही माणसांच्या मनातली पंचांगं. 'प्लेगात आजीची दोन भावंडं गेली' या एका वाक्यातून आजीच्या आईचं वय अदमासे काढता येतं.

मग माळ्यावर चढा. तांब्यापितळेच्या भांड्यांवर कोरलेली नावं आधी बघा. लग्नात दिलेल्या हंड्यावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि कधी कधी सालही असतं, आणि देणारा बहुधा मामा, आत्या नाहीतर सासरा असतो. पोथ्यांची शेवटची पानं उलटा, तिथे जन्मवेळा टिपून ठेवलेल्या सापडतात. वाटणीपत्र, खरेदीखत, जन्मपत्रिका, सर्व्हिस बुक, जुनं रेशनकार्ड, सगळ्याचे फोटो काढा. कागदाची मागची बाजू सोडू नका.

माणसागणिक एक पान करा आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते लिहा: 'मोठ्या काकूंनी सांगितलं, दिवाळीत', 'फेरफार अमुक, तारीख अमुक'. आळस करू नका. दोन वर्षांनी तुम्हाला दोन वेगवेगळी जन्मसालं मिळतील आणि कुठलं कुणी सांगितलं तेच आठवणार नाही.

शाळा आणि कोतवाल बुक

शाळेत जनरल रजिस्टर असतं, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही. विदर्भात दाखल-खारीज म्हणतात. जुन्या शाळांत ती शंभर वर्षं मागे जाते. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव आणि आधीची शाळा असते. जन्मतारखेवर मात्र भरवसा ठेवू नका. गुरुजींनी पोराच्या अंगलटीवरून वय ठरवायचं आणि १ जून लिहून टाकायचं, हा शिरस्ताच होता. अख्ख्या भावकीचे वाढदिवस १ जूनला येतात ते त्यामुळे. तारीख सोडून द्या आणि जन्मगावाच्या रकान्यात डोकं घाला. तिथे वेगळंच गाव असेल तर ते आजोळ असू शकतं, नाहीतर तुम्हाला ठाऊक नसलेलं जुनं गाव.

जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४मध्ये, म्हणजेच कोतवाल बुकात. जुनी पुस्तकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात सापडतात. इथे नवखा माणूस हमखास अडतो, कारण बाळाचं नावच नसतं. बारशाआधी नोंद झालेली, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. म्हणून पणजोबांना शोधायचं तर त्यांच्या वडिलांच्या नावाने शोधायचं. तेच नाव तर आपल्याला हवंय. या गाठीतून सुटायला मृत्यूची नोंद, वारसनोंद आणि भावंडं लागतात.

जमीन हा खरा रस्ता

घरात गुंठाभर जरी वडिलोपार्जित जमीन असेल, किंवा कधीकाळी होती असं नुसतं ऐकलं असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून हेच आधी करा.

आजचा सातबारा घ्या. त्यावर फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांक म्हणजे मालकी बदलल्याची एक हकिगत, आणि ती फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) लिहिलेली असते. तो फेरफार काढला की त्यात आधीच्या खातेदाराचं नाव मिळतं. मग जुना हस्तलिखित सातबारा, त्यावरचे आणखी जुने फेरफार, असं एकेक पायरी मागे जायचं. गटवारी (विखुरलेले तुकडे जोडून गट पाडणं) झाली असेल तर गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढून घ्या, नाहीतर साखळी तिथेच तुटते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३चा. त्यामुळे पहिले फेरफार साधारण त्यापुढच्या दहाएक वर्षांतले निघतात. बऱ्याच गावांचे स्कॅन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. ज्यांचे नाहीत त्यांच्यासाठी तहसीलला नक्कलेचा अर्ज करायचा. 'सर्व जुन्या नोंदी मिळाव्यात' असा मोघम अर्ज परत येतो. गाव, सर्व्हे नंबर, नमुना क्रमांक आणि सालांचा टप्पा लिहिलेला अर्ज परत पाठवणं कारकुनाला जड जातं.

आता एक नोंद जवळून बघू. समजा १९३१चा वारस फेरफार आहे:

'धोंडी बिन राघू मयत. वारस मुलगे १. राघू २. सखाराम अ.पा.क. आई काशी.'

'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे सखाराम तेव्हा अठराच्या आतला आणि त्याच्या वतीने आई. एवढ्या ओळीतून आजोबा राघू, मुलगा धोंडी, दोन नातू आणि काशी नावाची बाई मिळाली. काशीचं नाव कागदावर आलं ते केवळ धाकटा मुलगा अज्ञान होता म्हणून. तो सज्ञान असता तर ती कागदांतून कायमची गेली असती.

आणखी मागे गेल्यावर १९०८च्या नोंदीत 'राघू बिन धोंडी' खातेदार म्हणून दिसला. हा कोण? घाई केली तर वाटेल की हाच तो वारस मुलगा. पण त्याचा बाप धोंडी १९३१च्या सुमाराला वारला, मग बाप जिवंत असताना १९०८ साली मुलाच्या नावे खातं कसं? म्हणजे हा आजोबा राघू, आणि त्याच्याही बापाचं नाव धोंडी. एक पिढी वाढली. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या चालीमुळे मराठी वंशावळीत धोंडी-राघू-धोंडी-राघू अशी माळ तयार होते, आणि हौशी माणसं त्यातल्या दोन पिढ्या गिळून टाकतात. कुठल्याही नावापुढे 'हा तोच कशावरून?' असं विचारत चला.

हक्कनोंदीच्या मागे मोजणीचे कागद. इंदापूर तालुक्यात १८३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीची मोजणी सुरू झाली, ती पुढे इलाखाभर पसरली. त्या काळातले कागद कुठे कडईपत्रक, कुठे बोटखत, कुठे फैसलपत्रक म्हणून ओळखतात. ते बहुतेक मोडीत असतात आणि भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करावी लागते. त्याही मागे जायचं आणि घरात वतन किंवा इनाम होतं, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशनचे कागद. वतन नसेल तर तिथे घरातला माणूस सापडायची आशा फार धरू नका.

ज्यांची जमीन नव्हती त्यांनी कुळाच्या नोंदी बघाव्यात. १९४८च्या कुळकायद्यानंतर, आणि विशेषतः १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची नावं कागदावर आली. १९५१च्या जनगणनेवरून केलेलं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर ज्या गावचं टिकलंय तिथे घरटी माणसं मिळतात, भूमिहीनसुद्धा.

कुठल्या मुलखाचे कागद?

तुमचं गाव आज ज्या जिल्ह्यात आहे, तिथेच त्याचे जुने कागद असतील असं नाही. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत होता, जालना औरंगाबादेत, हिंगोली १९९९पर्यंत परभणीत. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी ही संस्थानं, त्यांची दप्तरं वेगळी आणि ती विलीनीकरणानंतर इकडेतिकडे गेलेली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथले कागद बरेचसे उर्दूत, आणि त्यांतली सालं फसली सनाची, म्हणजे महसुली वर्षाची. नुसता मोडीवाला तिथे पुरत नाही, उर्दू वाचणारा गाठावा लागतो. तिथे १९५४चं खासरापत्रक आणि विदर्भात १९५४–५५चे अधिकार अभिलेख ही सुरुवातीला पाय टेकवायची चांगली जागा.

सालांचा हिशेब जवळ लिहून ठेवा. शकात ७८ मिळवा. शके १८२५ म्हणजे १९०३, पण नोंद पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर १९०४. फसलीत ५९० मिळवा, वर्षभराची ओढाताण गृहीत धरून. मराठेशाहीतला सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. तो मृग नक्षत्राला बदलतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात.

मोडीबद्दल थोडं. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे वाचणाऱ्याच्या नजरेवर बरंच अवलंबून. मोडी शिकायला अवघड नाही, महिन्या-दोन महिन्यांत छापील नमुने वाचता येतात. मात्र घाईत लिहिणाऱ्या कुलकर्ण्याचं अक्षर लागायला वर्ष जातं. लिप्यंतर करून घेणार असाल तर शंकास्पद अक्षराखाली खूण करणारा माणूस निवडा. जो सगळं खाडखाड वाचून दाखवतो आणि कुठेच अडत नाही, त्याच्यापासून मी दूर राहतो. 'बिन'सारखाच 'वलद', तोही मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवऱ्याचं नाव पुढे येणार.

तरीही सापडत नाही तेव्हा

पहिला संशय आडनावावर घ्या. जुन्या कागदांत आडनाव नसतंच, किंवा असतं ते पद असतं. पाटीलकी असलेल्या घरातला एक भाऊ 'पाटील' म्हणून लागतो, दुसरा मूळ आडनावाने. गाव सोडून गेलेल्यांना नव्या गावाने जुन्या गावावरून '-कर' लावलं, आणि मूळ गावात त्या आडनावाचं एकही घर नसतं, असायचं कारणच नाही. तिथे जाऊन आडनाव विचारू नका. कुलदैवत, देवक आणि सुतक विचारा.

दुसरा संशय हाकेच्या नावावर. तात्या, अण्णा, नाना, बाबू ही कागदावरची नावं नव्हेत, तरी कधीकधी कागदावर चढलीच. दगडू, धोंडू, केरू असं नाव दिसलं तर थांबा. आधीची मुलं जगली नाहीत की दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं ठेवत. म्हणजे कोतवाल बुकात त्याच्याआधीची दोन-तीन बालमृत्यूंची नोंद शोधायला हवी, त्यावरून आईबापांच्या लग्नाचा काळ मागे सरकतो.

तिसरा दत्तकाचा. दत्तक गेलेल्याचा बाप कागदावर बदलतो, आणि तुम्ही पणजोबांचे वडील शोधत ज्यांच्याकडे पोचता ते नात्याने त्यांचे चुलते किंवा आजोबाही निघू शकतात. शाळेच्या रजिस्टरात एक बाप आणि फेरफारात दुसरा, असं दिसलं की कारकुनाला शिव्या घालण्याआधी दत्तकपत्र शोधा. घरजावई आणि पाटाने आलेल्या बाईबरोबरची मुलं, यांचंही असंच होतं. घरचे या गोष्टी सांगत नाहीत. त्यामुळे दोन कागद जुळले नाहीत तर मला उलट आनंदच होतो, काहीतरी लपलंय याची ती खूण असते.

बायकांचा शोध सर्वांत कठीण. लग्नात आडनाव तर बदलायचंच, पण नावही बदलायचं. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी झाली की दोन्ही कागदांना जोडणारा दुवाच उरत नाही. तिथे तिच्या भावांकडून जायचं. मुलांच्या मुंजी-लग्नाच्या पत्रिकांत मामांची नावं असतात, भांड्यांवर असतात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारसांत येऊ लागली, म्हणून आईच्या माहेरच्या गावचे १९५६नंतरचे वारस फेरफार बघा. बहिणींनी भावासाठी हक्क सोडलेला असला तरी त्या हक्कसोडपत्रात तिचं माहेरचं आणि सासरचं नाव एका ओळीत सापडतं. दोन्ही नावं एकत्र देणारा याहून चांगला कागद मला माहीत नाही.

चौथा, दुसऱ्या गावाचा. धरण, दुष्काळ, गिरणी, पलटण, माणसं कशानेही हलली. साताऱ्याकडच्या काही गावांत चावडीपाशी किंवा वेशीत, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले आणि इतके कामी आले, अशी इंग्रजीत कोरलेली दगडी पाटी असते. ती दिसली तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी इंटरनेटवर बघा. त्यात काही सैनिकांच्या नोंदीपुढे वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं. रत्नागिरी-सावंतवाडीकडून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदी तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत.

तीर्थोपाध्ये आणि हेळवी

नाशिक-त्र्यंबकेश्वर, काशी, गया, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यांकडे गावनिहाय, आडनावनिहाय वह्या असतात. घरातलं कुणी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला गेलं असेल, तर सोबत कोण होतं आणि भाऊ-मुलगे कोण, हे त्यात नोंदवलेलं असतं. जाताना आजचं नाही, जुनं गाव सांगा. 'आमचे उपाध्ये कोण?' एवढं घाटावर विचारलं की योग्य दारापर्यंत पोचवतात. मूळ पान डोळ्यांनी बघा, नुसतं वाचून दाखवलेलं घेऊ नका. दक्षिणा द्या, आणि निघताना तुमच्या पिढीची नावं लिहून या, बायका-मुलींसकट.

कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे हेळवी येतात, बैलावर बसून घरोघर वंशावळ सांगत. त्यांच्या सांगण्यातल्या अलीकडच्या पाच-सहा पिढ्या फेरफारांशी ताडून बघता येतात. त्यामागे कुणातरी राजाच्या वंशाला नेऊन भिडवलं असेल तर ऐकून घ्या आणि वहीच्या वेगळ्या पानावर लिहा. डीएनए चाचणीचंही तसंच. जुळणाऱ्या दुसऱ्या माणसानेही तीच चाचणी केलेली असेल तरच काही कळतं, आणि आपल्याकडे ते सहसा नसतं.

जुळलं असं कधी म्हणायचं

मी आठ महिने दुसऱ्याच कुणाच्या तरी पणजोबांची वंशावळ जोडत होतो. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव शेजारचं. एका कचेरीतून मिळालेल्या नकलेवर गावाचं नाव अर्धवट फाटलेलं होतं आणि मी ते मला हवं तसं पुरं केलं. उलगडा झाला तो चतुःसीमेवरून. खरेदीखतात शेताच्या चारी बाजूंना कुणाची शेतं आहेत ते लिहिलेलं असतं, आणि त्यातलं एकही नाव आमच्या शिवारात नव्हतं. तेव्हापासून माणूस ओळखायचा तो त्याच्या बांधाला लागून असलेल्या चार नावांवरून, असं मी ठरवून टाकलंय. नाव कुणाचंही सारखं असतं, चारी शेजारी सारखे नसतात.

एकाच्या सांगण्यावरून दुसरा निघालेला नाही, असे दोन पुरावे मिळेपर्यंत वंशावळीतली रेघ पेन्सिलने तुटक काढा. फेरफार आणि उपाध्यांची वही असे दोन चालतील. काका आणि काकांनीच माहिती दिलेला छापील कुलवृत्तांत, हा एकच पुरावा धरा. माझ्याकडच्या तक्त्यात सात पिढ्या आहेत, त्यातल्या पाच शाईच्या.